दुसरा गिअर निसटतो, म्हणून पाच गिअरचा गिअरबॉक्स?

सातारचे एक वाचक लिहितात: ‘वडिलांची १९६४ सालची पेट्रोल महिंद्रा जीप सीजे-३बी आहे. हरिकेन इंजिन, तीन गिअर, फोर बाय फोर. गेल्या वर्षी इंजिन उतरवून पूर्ण काम करून घेतलं, ते आता उत्तम आहे. पण यवतेश्वरच्या घाटात उतरताना दुसरा गिअर आपोआप न्यूट्रलला येतो. पहिला गिअर टाकताना कर्रकन आवाज होतो. हायवेला साठच्या पुढे इंजिन किंचाळतं, आणि गाडी कायम वूं-वूं करते ते वेगळंच. ओळखीचा गॅरेजवाला भंगारातून महिंद्रा आर्माडाचा पाच गिअरचा गिअरबॉक्स आणून बसवतो म्हणतोय, चार दिवसांचं काम. बसवावा का? महिन्यातून दोन-तीनदा कास-बामणोली आणि क्वचित पुणे, एवढाच वापर आहे. पुढेमागे व्हिंटेज नोंदणीही करायची आहे.’

बसवू नका. निदान आत्ता तरी नाही.

तुम्ही चार तक्रारी लिहिल्यात आणि गॅरेजवाल्याने चारही तक्रारींवर एकच औषध काढलंय. त्यातली दुसऱ्या गिअरची तक्रार खरी आणि तातडीची आहे. उतारावर इंजिनाचा ब्रेक अचानक सुटला की सगळा भार नऊ इंची, बूस्टर नसलेल्या ड्रम ब्रेकवर येतो. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत यवतेश्वर बंद. पहिल्या गिअरची कुरकुर बहुतेक दोष नाहीच. हायवेवरच्या किंकाळीचा संबंध गिअरबॉक्सच्या झिजेशी नाही, गुणोत्तराशी आहे. आणि ती वूं-वूं मूळची ट्रान्सफर केस (गिअरबॉक्समागे बसणारा, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) ठेवून कुठलाही गिअरबॉक्स लावला तरी तशीच राहील. तुमच्या स्पायसर १८ ट्रान्सफर केसमध्ये ‘हाय’ या रस्त्यावरच्या नेहमीच्या टप्प्यालासुद्धा थेट ड्राइव्ह नसतो. ताकद कायम मधल्या गिअरमधून फिरून मागच्या शाफ्टला जाते. दातांचा तो आवाज या गाडीचा जन्मजात आहे. अलीकडे वाढला असेल तरच त्याची चौकशी करायची.

पहिला गिअर आधी निकालात काढू. तुमच्या टी-९० गिअरबॉक्समध्ये सिंक्रो (गिअर लागण्याआधी वेग जुळवून देणारी रचना) फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्याला आहे. पहिला आणि रिव्हर्स सरळ दातात दात घालून लागतात, म्हणून पहिला गाडी पूर्ण थांबल्यावरच टाकायचा, नाहीतर डबल क्लच मारून (मध्ये न्यूट्रलला क्लच सोडून, रेस देऊन पुन्हा दाबून). थांबलेल्या गाडीतही कर्र होत असेल तर ही चाचणी घ्या: इंजिन गरम, आयडलवर, गिअर न्यूट्रलला. क्लच पूर्ण दाबून मनातल्या मनात दहापर्यंत मोजा आणि मग रिव्हर्स टाका. शांतपणे लागला तर क्लच ठीक आहे, घाई तुमची होती. तरीही कर्र झालं तर क्लच पूर्ण सुटत नाहीये किंवा फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग शाफ्टला धरून फिरवतंय. गिअरबॉक्स बदलूनही हा दोष जाणार नाही. पेडलला वर साधारण इंचभर मोकळी खेळी आहे का आणि लिंकेजच्या पिना घासल्यात का, ते पाहा.

आता दुसरा गिअर. इंजिन गेल्या वर्षी उतरलं होतं, हा तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा तपशील. गिअर निसटणं त्याआधीपासून होतं की त्यानंतर सुरू झालं? नंतर सुरू झालं असेल तर गिअरबॉक्स उघडण्याआधी बेल हाउसिंगवर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या घंटेसारख्या कवचावर, संशय घ्या. इंजिन आणि बेल हाउसिंगच्या मध्ये जुन्या पॅकिंगचा तुकडा, रंगाचा थर किंवा धातूचा एखादा कीस राहिला, किंवा डॉवेल पिन न घालताच बोल्ट आवळले, की गिअरबॉक्सची मध्यरेषा क्रँकच्या मध्यरेषेशी जुळत नाही. मग प्रत्येक फेऱ्याला मेन शाफ्ट किंचित डोलतो आणि सिंक्रोची स्लीव्ह (गिअर पकडणारी सरकती कडी) हळूहळू मागे सरकत दातांवरून उतरते. तपासायचं कसं? गिअरबॉक्स आणि क्लच काढल्यावर फ्लायव्हीलवर डायल गेज लावा, बेल हाउसिंगच्या मागच्या गोल भोकाच्या कडेवरून फिरवा आणि क्रँक हाताने एक पूर्ण फेरा द्या. काटा एकूण दहा हजारांश इंचाच्या, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आत हलायला हवा. बहुतेक गॅरेजांत हे मोजलंच जात नाही, आणि टी-९० मात्र फुकट बदनाम होतो.

दुसरा संशयित बाहेरून, गिअरबॉक्स न उतरवताच तपासता येतो. टी-९० चा मेन शाफ्ट मागे थेट ट्रान्सफर केसमध्ये शिरतो आणि त्याच्या टोकावर ट्रान्सफरचा पहिला गिअर नट आणि कॉटर पिनने पकडलेला असतो. हा नट सैल झाला की अख्खा मेन शाफ्ट पुढेमागे सरकतो. ट्रान्सफर केसचं तेल काढा, मागचं गोल झाकण उघडा, टॉर्च मारा. कॉटर पिन जागेवर आहे का? गिअर हाताने धरून हलवला तर खेळी जाणवते का? नट घट्ट करून नवी कॉटर पिन घातल्यावर गिअर निसटायचा थांबला, तर तुमचा खर्च पॅकिंग आणि तेलापुरताच.

तिसरं, वरचं झाकण. गिअरचा दांडा ज्या झाकणात बसतो त्यात दोन रेल आहेत, आणि प्रत्येक रेलला एक गोळी आणि एक स्प्रिंग जागेवर धरून ठेवतात. साठ वर्षांच्या स्प्रिंगमध्ये दम उरत नाही आणि रेलवरचा खाचा गोल होऊन जातो. झाकण काढायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही, वरची फ्लोअर प्लेट काढली की पुरे. फोर्कची टोकं किती झिजलीत तेही तेव्हाच दिसतं. दोन रेलच्या मधली इंटरलॉकची छोटी पिन हरवू देऊ नका. ती न घालता झाकण लावलं तर एकाच वेळी दोन गिअर लागतात आणि गिअरबॉक्स जागच्या जागी जाम होतो.

या तिन्ही ठिकाणी काही सापडलं नाही, तर मग दोष आत आहे: दुसऱ्या गिअरचे छोटे कुत्रेदात (ज्यांवर स्लीव्ह चढून गिअर लागतो ते) गोलावलेत, स्लीव्ह झिजलीय किंवा मेन शाफ्टचं मागचं बेअरिंग गेलंय. तेल अंदाज देतं. गरम असताना पांढऱ्या ट्रेमध्ये काढा आणि जुन्या लाउडस्पीकरचं चुंबक त्यात फिरवा. करड्या लोण्यासारखा बारीक लेप चिकटला तर ती नेहमीची झीज. टोचणारे पोलादी कण म्हणजे दात तुटतायत. चुंबकाला न चिकटणारी सोनेरी चमक म्हणजे पितळी सिंक्रो रिंग किंवा थ्रस्ट वॉशर झिजतायत. तेल चहासारखं दुधाळ दिसलं, तर बामणोलीच्या वाटेवर ओढ्यात उतरल्याची ती पावती आहे. आवाजावरूनही बरंच कळतं. तिसरा गिअर थेट असतो, त्यात खालच्या काउंटर शाफ्टवर भार नसतो. म्हणून पहिल्या-दुसऱ्यात घरघर आणि तिसऱ्यात शांतता असेल, तर काउंटर शाफ्टच्या सुया (नीडल बेअरिंग) आणि वॉशर गेलेत असं समजा.

गिअरबॉक्स उघडावाच लागला तर एकदाच उघडा आणि सगळं बदला: पुढचं आणि मागचं बॉल बेअरिंग, काउंटर शाफ्टच्या सुयांचा पूर्ण संच, सगळे थ्रस्ट वॉशर, काउंटर शाफ्ट स्वतः, दोन सिंक्रो रिंग आणि त्यांच्या स्प्रिंगा, झाकणातल्या गोळ्या-स्प्रिंगा, सर्व सील आणि पॅकिंग. महिंद्राने हा गिअरबॉक्स वर्षानुवर्षं वापरल्यामुळे आपल्याकडे त्याचे सुटे भाग अजून मिळतात. घेताना दोन गोष्टी पाहा: नवी सिंक्रो रिंग कोनावर दाबून फिरवल्यावर ती पकडली पाहिजे, आणि दुसऱ्या गिअरच्या कुत्रेदातांच्या कडा बोटाला धारदार लागल्या पाहिजेत. जोडताना काउंटर शाफ्टच्या गिअरची पुढेमागे खेळी बारा ते अठरा हजारांश इंच, म्हणजे साधारण ०.३० ते ०.४५ मिलिमीटर ठेवा. ती मागच्या वॉशरच्या जाडीने साधते. फीलर गेज घालून मोजायची, अंगठ्याने अंदाज घेऊन नाही. ट्रान्सफर केस उघडीच आहे तर मागच्या आउटपुट शाफ्टची खेळीही चार ते आठ हजारांश इंचात आणून घ्या. मागच्या कॅपखालच्या शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) कमी-जास्त केल्या की ती जुळते.

तेलाबद्दल भांडण नको: पितळी सिंक्रो असलेल्या या गिअरबॉक्सला नव्वद नंबरचं किंवा ८०डब्ल्यू-९० चं जीएल-४ तेल घाला. दुकानदार डिफरन्शिअलचं जीएल-५ पुढे करेल. त्यातली गंधकाची रसायनं पितळ खाऊ शकतात, शिवाय ते तेल इतकं निसरडं असतं की सिंक्रोला पकड मिळत नाही. गिअरबॉक्सला साधारण १.२ लिटर आणि ट्रान्सफरला दीड लिटर लागतं, पण बाटलीवरच्या खुणेपेक्षा भरण्याच्या भोकाच्या कडेपर्यंत हे खरं माप. महिन्याभराने दोन्ही पातळ्या पुन्हा पाहा. एकात कमी आणि दुसऱ्यात जास्त झालं असेल, तर दोघांच्या मधल्या जागेतून तेल इकडून तिकडे जातंय. गिअरबॉक्स कोरडा आणि ट्रान्सफर तुडुंब, असा प्रकार या जोडीत नवा नाही.

आता हायवे. इथे तुमच्या मनातला खरा प्रश्न आहे, म्हणून गणित करू. टी-९० चा पहिला २.७९८, दुसरा १.५५१, तिसरा १.०. अॅक्सलचं गुणोत्तर या गाड्यांत बहुधा ५.३८ असतं, म्हणजे पिनियनला ८ दात आणि क्राउनला ४३. तुमचं तेच आहे का ते मोजा. गाडी न्यूट्रलला ठेवा, पुढच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, मागचं एकच चाक जॅकवर घ्या आणि दुसरं जमिनीवर राहू द्या. उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रॉपेलर शाफ्टवर केलेली खडूची खूण किती वेळा फिरते ते मोजा. साडेपाचला जरा कमी, म्हणजे ५.३८. पाचला जरा कमी, म्हणजे ४.८८.

६.००-१६ च्या टायरवर ५.३८ ने तिसऱ्यात साठच्या वेगाला इंजिन सुमारे २४५० फेरे घेतं, सत्तरला २८५०, ऐंशीला ३२५० च्या पुढे. हरिकेनचा टॉर्क दोन हजारांच्या आसपास सर्वात जास्त असतो. म्हणजे पंचावन्न ते साठ हा या गाडीचा स्वतःचा वेग आहे, आणि तिच्यावर तो लादलेला नाही. तिकडे ‘लो’मध्ये पहिल्याला ट्रान्सफरची साधारण अडीचपट घट धरून एकूण गुणोत्तर ३७ च्या घरात जातं. हजार फेऱ्यांना ताशी साडेतीन किलोमीटर, चालत्या माणसापेक्षा हळू. कासच्या पठारामागच्या चिखलवाटांना हे भरपूर आहे.

पाचवा गिअर ०.८ चा धरला तरी ऐंशीला फेरे २६०० पर्यंत उतरतील, हे कबूल. पण बॉनेट उंच, काच उभी, आणि इंजिन साधारण पंच्याहत्तर हॉर्सपॉवरचं. खंबाटकीच्या चढाला तुम्ही पुन्हा चौथ्यात, म्हणजे आजच्याच गुणोत्तरात येणार. सपाटीवर ऐंशी-नव्वद गाठलेच तर मघाचे ते ब्रेक, पानपाट्यांची स्प्रिंगं आणि ८० इंचांचा व्हीलबेस आठवा. क्वचित होणाऱ्या पुण्याच्या फेरीत अर्धा तास वाचवायला एवढी उलथापालथ आम्हाला पटत नाही.

उलथापालथ किती, तेही सांगतो, कारण ‘चार दिवसांचं काम’ हे वाक्य धोक्याचं आहे. भंगारात मिळणारा आर्माडाचा गिअरबॉक्स बहुधा टू-व्हीलचा असतो. त्याची मागची शेपटी सरळ प्रॉपेलर शाफ्टला जाते, तिथे ट्रान्सफर बसायला जागाच नाही. तो लावला तर फोर बाय फोर गेलं. शिवाय तुमचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागच्या आउटपुटवरच्या ड्रमला आहे आणि स्पीडोमीटरची केबलही ट्रान्सफरमधूनच निघते. ट्रान्सफर बदलली की दोन्हींची नव्याने सोय करावी लागते. घाटात उभी करायच्या जीपला हँडब्रेकची जुगाड सोय नको. फोर बाय फोरचा पाच गिअर मिळाला तरी मूळ अॅक्सलचे गोळे (डिफरन्शिअल) उजवीकडे सरकलेले आहेत. ट्रान्सफरचे पुढचा-मागचा दोन्ही आउटपुट त्याच बाजूला आले नाहीत तर शाफ्ट तिरपे पडतात. आर्माडाची बेल हाउसिंग डिझेल इंजिनाची, ती हरिकेनच्या ब्लॉकला लागत नाही, म्हणून मध्ये अॅडाप्टर प्लेट येते. प्लेटच्या जाडीने इनपुट शाफ्ट मागे सरकतो आणि त्याचं टोक पायलट बेअरिंगमध्ये अर्धवटच शिरतं. मग क्लच प्लेटचे स्प्लाइन, पायलटचं माप, रिलीज बेअरिंगची नळी या तिन्हींसाठी लेथवाला आला.

सगळ्यात कमी बोलली जाणारी अडचण मागच्या शाफ्टची. समजा तुमचा मागचा शाफ्ट ५० सेंटिमीटरचा आहे आणि दोन टोकांच्या उंचीत १२ सेंटिमीटरचा फरक, तर कोन चौदा अंशांच्या जवळ. नवा गिअरबॉक्स अॅडाप्टरसकट १० सेंटिमीटरने लांब निघाला, तर शाफ्ट ४० चा होतो आणि कोन साडेसतरा अंशांवर जातो. क्रॉस जॉइंट लवकर जातात, वेगात थरथर येते. ती घालवायला मग कोणी ट्रान्सफर खाली घेतं, कोणी अॅक्सलखाली पाचर घालतं, आणि क्रॉसमेंबर कापला जातो तो याच टप्प्यावर. अर्धवट बदल करून अंगणात उभ्या राहिलेल्या जीपची गोष्ट बहुतेक वेळा इथेच थांबलेली असते.

मग बदल कधी योग्य? टी-९० चं कवच तडकलं असेल, किंवा काउंटर शाफ्टचा गिअर आणि मेन शाफ्ट दोन्ही गेले असतील, तर. इंजिन आधीच डिझेल असेल, तर. किंवा गाडी रोज लांबच्या पल्ल्याला वापरायची असेल, तर. तेव्हाही आमची पसंती पाच गिअरला नाही, महिंद्राच्या एमएम ५४० जीपच्या पिढीतल्या चार गिअरच्या केएमटी-९० ला आहे, आणि तोही त्याच्या ट्रान्सफर केससकट, एका जोडीत काढलेला. पुढच्या गिअरांना सिंक्रो मिळतो, हँडब्रेक आणि शाफ्टची मांडणी जुन्याच घराण्यातली राहते. हरिकेनशी जोडण्यासाठी अॅडाप्टरचा खटाटोप मात्र त्यालाही चुकत नाही. पैसे देण्याआधी कॅलिपर घेऊन जा: इनपुट शाफ्टचे स्प्लाइन किती, व्यास किती, टोकाची जाडी, गिअरबॉक्सच्या तोंडापासून टोकापर्यंतची लांबी, पुढच्या बेअरिंग कॅपचा बाहेरचा व्यास, बोल्टांची अंतरं, दांडा कुठे येतो. हे सगळं कागदावर उतरवून तुमच्या टी-९० शी ताडून पाहिल्याशिवाय भंगारवाल्याला विसार देऊ नका.

नुसते फेरे कमी करायचे असतील तर दोन सौम्य मार्ग आहेत. पहिला ७.००-१६ चे टायर: फेरे सहा-सात टक्के घटतात, मात्र चढाला तेवढीच ओढ कमी होते आणि स्पीडोमीटर कमी दाखवतो. दुसरा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे फेरे उतरवणारा जादा गिअर. स्पायसर १८ च्या मागच्या ज्या झाकणातून तुम्ही नट पाहणार आहात, त्याच जागी बसणारं हे यंत्र अमेरिकी बनावटीचं, सॅटर्न नावाचं आहे. ते २५ टक्के फेरे उतरवतं, म्हणजे ऐंशीला पुन्हा साधारण २४५०. काही कापावं लागत नाही, शाफ्ट बदलत नाहीत, उद्या काढलं की गाडी मूळची. मागवण्याआधी ट्रान्सफरच्या पहिल्या गिअरचे दात मोजा, त्याप्रमाणे भाग वेगळा येतो. तिथे पीटीओ (बाहेरची यंत्रं चालवायला ताकद काढून देणारा जोड) बसवलेला असेल तर जागा नाही. खर्च आयात करासकट येतो, तो झेपेल का ते तुम्हीच पाहा. अॅक्सल ४.८८ करायचा विचार आला तर पुढचा आणि मागचा एकत्रच बदलावा लागतो. फक्त मागचा बदलून फोर बाय फोर लावलंत तर ट्रान्सफर केस स्वतःशीच भांडेल.

नोंदणीचं राहिलं. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या तरतुदीनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपात सांभाळलेली आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली खासगी गाडी व्हिंटेज ठरू शकते. गिअरबॉक्सचं नाव त्यात स्वतंत्रपणे नाही, पण पाच गिअरसाठी क्रॉसमेंबर कापलात तर तो चॅसिसला हात लावणं झालं. नव्या व्हिंटेज नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. त्याहून महत्त्वाची अट पुढची आहे: अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि देखभालीपुरतीच रस्त्यावर आणता येते. दर महिन्याची कास-बामणोली त्यात बसत नाही. म्हणून फिरायची हौस असेपर्यंत साधी नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून चालू ठेवा.

या आठवड्यात एवढंच करा: तेल काढून चुंबक फिरवा, ट्रान्सफरचं मागचं झाकण उघडून नट पाहा, वरचं झाकण काढून गोळ्या-स्प्रिंगा बदला. तरीही गिअर निसटला तर चुंबकाला काय चिकटलं आणि गिअर निसटायला कधीपासून लागला, हे दोन्ही लिहून कळवा. गॅरेजवाल्याला मात्र आर्माडाचा गिअरबॉक्स उचलू नकोस, असं आजच सांगा.